तीनच ताटं

परवा आमच्या चर्चला पन्नास वर्षं झाली म्हणून एक पुस्तक छापलं. गावातल्या जुन्या माणसांची त्यात नावं आहेत. कोणी घंटा दिली, कोणी बाकं दिली. ओटिलिये राडाट्झच्या नावापुढे दोनच शब्द आहेत, ‘उत्तम सुगरण’. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुगरण तर ती होतीच, त्यात वाद नाही. पण ज्या मेल्यांनी तिच्या हातचं खाल्लं आणि तिच्याच अन्नात माती कालवली, त्यांनी तिला ‘सुगरण’ म्हणून वाटेला लावावं? ते मी ऐकून घेणार नाही. म्हणून सांगायला बसले.

मी मेटा वेंडोर्फ. अमेरिकेत विस्कॉन्सिनातल्या या लीबेनाव नावाच्या जर्मन लोकांच्या गावात सून म्हणून आले, तेव्हा मला पावसुद्धा धड भाजता येत नव्हता. सासू नव्हती. एमिल, माझा नवरा, पहिल्या दिवशी पाव चावून म्हणाला, “हा खायचा की याने खिळा ठोकायचा?” शेजारच्या ओटिलियेच्या कानावर ते गेलं. ओढा ओलांडून ती आली, बाह्या वर केल्या, आणि एमिलला म्हणाली, “दात मजबूत आहेत ना तुझे? मग गप खा. पुढच्या आठवड्यात मऊ मिळेल.” तेव्हापासून ती माझी टिलेमावशी.

अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. नवरा आउगुस्ट घोड्याची लाथ लागून गेला, मुलगी लग्न होऊन दूर डाकोटात. शेत, गाई, एक बहिरा गडी, सगळं ती एकटी हाकत होती. आणि तिच्या शेताला जगाशी जोडणारी एकच गोष्ट होती, आमच्या आणि तिच्या मधल्या ओढ्यावरचा लाकडी पूल. दूध चीजच्या कारखान्यात जायचं ते त्या पुलावरून. वर्षातून एकदा मळणीचं वाफेचं इंजिन यायचं तेही त्याच पुलावरून, आणि आलं की पूल असा कण्हायचा की माझ्या घरात ऐकू यावं.

गावचे पूल कोणते दुरुस्त करायचे हे एप्रिलच्या सभेत हात वर करून ठरायचं. टिलेमावशी दर एप्रिलला जायची आणि दर एप्रिलला दुसऱ्याच कुणाचा तरी पूल व्हायचा. एकोणीसशे बारा सालच्या सभेला मीही गेले होते, मागच्या बाकावर. ती उभी राहिली आणि म्हणाली, “तुळई चिरली आहे. पूल मोडला तर इंजिन येणार नाही. इंजिन आलं नाही तर माझे ओट गंजीतच कुजतील. मग मी गाई कशावर पोसू, तुमच्या आशीर्वादावर?”

गावचा चेअरमन हेर्मान बुस्के. पोटावर घड्याळाची साखळी आणि चेहऱ्यावर कायम नुकतं जेवून उठल्यासारखं समाधान. तो म्हणाला, “कोण अनुकूल आहे, हात वर करा.” काही हात वर झाले. टिलेमावशीने आपलाही हात वर केला. कारकून मोजत मोजत तिच्यापाशी आला तर बुस्के म्हणतो, “तो सोड रे. तो बाईचा हात आहे.”

हशा पिकला. माझा एमिलही हसला. ती हात तसाच धरून उभी राहिली, सगळ्यांचं हसून होईपर्यंत, आणि मग खाली घेतला. घरी परतताना पुलावर थांबून म्हणाली, “कर भरायला जाते तेव्हा कोणी म्हणत नाही गं, की हा बाईचा हात आहे, याचे पैसे नकोत.”

त्याच वर्षी राज्यभरातल्या पुरुषांना विचारणार होते, बायकांना मताचा हक्क द्यावा की नाही. बायकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. कोंबडीला विचारून कोणी रस्सा करतं का? नोव्हेंबरात निवडणूक होती, आणि या प्रश्नासाठी निराळी चिठ्ठी होती, गुलाबी रंगाची. गुत्त्यात त्या रंगावरून जे विनोद झाले ते मी इथे सांगणार नाही.

जूनमध्ये शहरातून दोन बायका मोटारीने प्रचाराला आल्या, छातीवर पिवळ्या फिती लावून. त्यांची मोटार टिलेमावशीच्याच पुलावर अडकली. चाक फळीत गेलं. तिने घोडे लावून मोटार ओढून काढली, त्यांना कॉफी पाजली, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. त्यातली एक म्हणाली, आपण गावात एक सभा घेऊ, मी भाषण करते. मावशी म्हणाली, “बाई, तुम्ही बोलता छान. पण आमच्या पुरुषांना भाषणं चर्चमध्ये ऐकायची सवय आहे, आणि तिथे ते झोपतात. त्यांना काही पटवायचं तर तोंडात घास असताना. ते तुम्ही माझ्यावर सोडा.”

आमच्याकडे मळणी इर्जिकीने व्हायची. इंजिन एकाचं, हात सगळ्यांचे. आज या शेतावर, उद्या त्या शेतावर, आणि ज्याच्या शेतावर मळणी त्याच्या घरी सगळ्यांना दुपारचं जेवण. रांधायला सगळ्यांच्या बायका एकत्र. आणि आमची एक जुनी रीत आहे. मळणीच्या जेवणानंतर उठताना प्रत्येक पुरुष घरच्या मालकिणीचा हात हातात घेतो, आणि त्या वेळी तिने काही मागितलं तर नाही म्हणत नाही. कोणी कोंबडीचं खुराडं नीट करून मागे, कोणी घोडा एक दिवस उसना मागे. आमच्यात गायसुद्धा हातावर हात मारून विकली जाते. कागद करू या म्हणणाऱ्याकडे माणसं संशयाने बघतात.

तर बारा सालच्या ऑगस्टमध्ये इंजिन तिच्याकडे आलं. इंजिनवाला वान्येक, बोहेमियातून आलेला, एकटा जीव. लग्न नाही, आमच्या चर्चचा नाही, आमची भाषाही तो अशी बोलायचा की पोरं त्याची नक्कल करायची. त्याने पुलावर ओंडके आडवे टाकून, देवाचं नाव घेऊन इंजिन पार केलं आणि खाली उतरून म्हणाला, “राडाट्झबाई, पुढच्या साली नाही. माझं इंजिन पाण्यात गेलं तर मी पण त्याच्या मागे उडी मारीन, दुसरं कोण आहे मला?”

काय जेवण घातलं तिने त्या दिवशी! भाजलेलं हॅम, आंबवलेली कोबी, बटाट्याचे डोसे आणि त्यावर सफरचंदाचा मुरंबा, दोन तऱ्हेचे केक. बारा पुरुष नुसते हाणत होते. उठायची वेळ झाली तशी ती मॅपलच्या झाडाखाली उभी राहिली. पहिला आला त्याचा हात धरला आणि म्हणाली, “मला खुराडं नको, घोडा नको. नोव्हेंबरात गुलाबी चिठ्ठीवर हो म्हण.” तो बावरला, मग हसला, मग म्हणाला, “तुझ्या केकची शपथ, टिले.” दुसरा आला, तिसरा आला. माझ्या एमिलने तर दोन्ही हातांनी तिचा हात दाबला. वान्येकने टोपी काढली.

एकट्या गुस्टाव्ह झास्ट्रोने हात मागे घेतला. तिरसट माणूस, जन्मात कधी कुणाशी गोड बोलला नाही. म्हणाला, “हे बघ, जेवण चांगलं होतं. पण बायकांनी मत द्यावं हे मला पटत नाही, आणि मी देणार नाही.” मावशी म्हणाली, “ठीक आहे.” झास्ट्रो सोडून अकरा हात झाले. संध्याकाळी भांडी घासताना ती गुणगुणत होती, आणि मला म्हणाली, “बघशील, एप्रिलच्या सभेत माझा हात मोजला जाईल.”

आता मला सांगा, यात तिचं काय चुकलं? त्या ताटावरचा शब्द आमच्यात कधी मोडला नव्हता. पण गाईचं आणि घोड्याचं वेगळं. गाय दिली नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला दिसतं. चिठ्ठी पडद्याआड टाकतात, तिथे कोण बघतं?

सप्टेंबर उलटला आणि गुत्त्यात फुकट बियर वाहायला लागली. पैसा बियरच्या कारखानदारांचा होता, हे सांगायला नको. बायकांना मत मिळालं की पहिला घाव बियरवर, मग पत्त्यांवर, मग रविवारच्या नाचावर, असं पाजून पाजून सांगत होते. आमचे पुरुष तिथून येताना गंभीर चेहरा करून यायचे, जसं काही राष्ट्राचं ओझं त्यांच्याच खांद्यावर. पाद्रीबुवाही एका रविवारी बोलले की स्त्री ही घरातली ज्योत आहे, तिला वाऱ्यावर नेऊ नका. मावशी माझ्या कानात म्हणाली, “आणि गोठ्यात पहाटे थंडीत नेलं तर चालतं वाटतं ज्योतीला.”

ऑक्टोबरात बुस्के तिच्याकडे आला. मी तिथेच होते, कोबी चिरत. दोघं लहानपणी एकाच वर्गात होते, त्यामुळे अरेतुरे चालायचं. तो म्हणाला, “टिले, तू बायकांना घेऊन घरोघर फिरतेस, हे चांगलं दिसत नाही. तुला पूल हवा आहे ना? हे सगळं सोड. उद्या ओक लाकडाच्या फळ्या पाठवतो, बर्फ पडायच्या आत नवा पूल. मत घेऊन तू तरी काय करणार, लोणचं घालणार?”

माझ्या हातातली सुरी थांबली. मला वाटलं, घे म्हणावं, घे गं बाई, पूल तर पूल. तिच्या जिवाचं जे काही होतं ते त्या पुलावर होतं, हे ती जाणत होती आणि तोही जाणत होता.

मग म्हणाली, “हेर्मान, म्हणजे लाकूड आहे तुझ्याकडे. पैसेही आहेत. इतकी वर्षं नव्हते म्हणायचास.”

तो खोकला.

“तू मर्जीने पूल देशील, आणि मर्जी फिरली की पुढच्या तुळईला पुन्हा मी तुझ्या दारात. मला मेहरबानीचा पूल नको. सभेत हात वर करीन आणि घेईन. कॉफी पिऊन जा.”

तो कॉफी न पिता गेला. त्याच्या टोपीच्या कडेला डाग पडला होता, माझ्या कोबीच्या पाण्याचा. मी मुद्दाम उडवलं नव्हतं, पण उडालं त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

निवडणूक झाली. राज्यात हरलो, आणि थोडक्यात नाही, सडकून हरलो. पण राज्याचं राहू दे. लीबेनावच्या पेटीत गुलाबी चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा ‘हो’ किती निघाल्या? तीन. अख्ख्या गावात तीन. कारकुनाने सभागृहाच्या दारावर आकडा खडूने लिहिला आणि खाली कुणीतरी बाईच्या परकराचं चित्र काढलं.

त्या संध्याकाळी गोठ्यात दूध काढताना मी एमिलला काही विचारलं नव्हतं. तोच गाईच्या पोटाला डोकं टेकून म्हणाला, “मेटा, त्या तिघांत एक मी आहे हं.” मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. म्हटलं, चला, आपलं माणूस तरी माणूस निघालं. रात्रीच्या जेवणात मी त्याला सॉसेजचा जाड तुकडा वाढला.

हिवाळ्यात आमच्याकडे बायका एकत्र बसून हंसांची पिसं सोलतात, काडी टाकून मऊ भाग तेवढा घेतात, उशा-गाद्यांसाठी. टेबलावर पिसांचा ढीग, आणि कडक नियम असा की हसायचं नाही, शिंकायचं नाही, नाहीतर सगळं हवेत. त्या वर्षी आम्ही माझ्याच घरी बसलो होतो. झास्ट्रोची बायको म्हणाली, “आमच्या ह्यांनी नाही म्हटलं ते सरळ सांगितलं तरी.” त्यावर दुसरी खालच्या आवाजात म्हणाली, “आमचा मात्र त्या तिघांत होता.” मी म्हटलं, “माझाही.” तिसरी म्हणाली, “अगं, आमचाही. गोठ्यात सांगितलं त्याने मला.” मग चौथी. मग पाचवी. एकमेकींची तोंडं बघायला लागलो आम्ही. वान्येक बिचारा, त्याला सांगायला बायको नव्हती. तो सोडला तर हात देऊन आलेल्या प्रत्येक नवऱ्याने घरी येऊन हेच सांगितलं होतं, मी त्या तिघांत.

कुणीतरी फिस्सकन हसली आणि पिसं उडाली. खोलीभर पांढरं. केसांत, नाकात, कॉफीत. सगळ्या हसत होत्या आणि दोघी-तिघी रडतही होत्या, आणि पिसांमुळे कोण काय करतंय ते कळत नव्हतं. मी हसले नाही. मला त्या सॉसेजची आठवण येत होती.

टिलेमावशीही हसली नाही. हातातलं पीस सोलून पूर्ण केलं, आणि म्हणाली, “मळणीला बघू.”

एप्रिलच्या सभेत पूल नापास झाला, हे सांगायलाच हवं का? या वेळी तिने हात वर केला नाही. बुस्केने मात्र तिच्याकडे बघून वाट पाहिली, हसायला तयार होऊन.

ऑगस्ट आला. आभाळ भरलेलं होतं, पण अजून बरसलं नव्हतं, ओढ्याला घोटाभर पाणी. इर्जिकीत तिचा नंबर आला तशी माणसं म्हणाली, पुलावरून इंजिन जाणार नाही, राडाट्झबाईचं या साली राहू दे. वान्येकने पूल वरून खालून पाहिला, ओढ्यात उतरून दगड पायांनी चाचपले, आणि म्हणाला, “पुलावरून नाही. पाण्यातून नेतो.” आणि नेलं त्याने. अर्धा दिवस गेला, चाकांखाली फांद्या घालून, शिव्या देऊन, त्याच्या भाषेतल्या आणि आमच्याही. इंजिन पलीकडे गेल्यावर बाकीच्यांना जावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळणी सुरू झाली. दुपारपर्यंत अर्धी गंज झाली, अर्धी उभी होती. आम्ही बायका स्वयंपाकघरात होतो. तेच हॅम, तेच डोसे, तेच केक, मागच्या सालापेक्षा काकणभर जास्तच. टेबल मात्र मावशीने स्वतः मांडलं, झाडाखाली, आणि आम्हाला बाहेर येऊ दिलं नाही.

पुरुष पंपावर हातपाय धुऊन आले आणि थबकले. बारा जणांच्या त्या लांबलचक टेबलावर तीनच ताटं होती. निळ्या काठांची, तिच्या आईने समुद्रापलीकडून आणलेली, सणालाही कधी न काढलेली.

“चेष्टा आहे का, राडाट्झबाई?” कुणीतरी म्हणालं.

“नाही. पेटीत तीन ‘हो’ निघाले. ज्यांचे आहेत त्यांनी बसा. पोटभर जेवा. बाकीच्यांसाठी या घरात आज काही नाही.”

आम्ही सगळ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलो. प्रत्येकीचे डोळे आपापल्या नवऱ्यावर. आणि त्या मेल्यांना ते कळत होतं. गोठ्यात गाईच्या आड सांगितलेली गोष्ट आता उन्हात, सगळ्यांच्या समोर, बूड टेकून सांगायची होती.

वान्येक पुढे झाला. टोपी खिळ्याला अडकवली, बसला, रुमाल गळ्यात खोचला. मावशीने त्याला वाढलं. तो खायलाही लागला. भुकेलाच होता तो, दोन दिवस राबला होता.

मग कुणी हलेना. हॅमचा वास अंगणभर.

शेवटी झास्ट्रो खाकरला. “मी तुला तोंडावर नाही म्हणालो होतो. आणि नाहीच केलं. आता माझी बायको इथे तुझ्या चुलीशी, म्हणजे घरी चूल थंड. मी काय करू ते सांग.”

“बस,” ती म्हणाली.

“पण मी नाही म्हटलं होतं.”

“ऐकू आलं. तू निदान खोटं बोलला नाहीस. बस.”

झास्ट्रो बसला. त्याचे कान लाल झाले होते. आणि आता एकच ताट उरलं, आणि त्याच्याभोवती दहा पुरुष, मातीने माखलेले, भुकेले, चांगले धडधाकट. मी एमिलकडे बघत होते. मनात म्हणत होते, बस रे. खरं बोलला असलास तर बस. खोटं बोलला असलास तरी बस, मी उभा जन्म ते खरं मानीन. फक्त पाऊल टाक.

त्याने मला पाहिलं. मग शेजाऱ्याला पाहिलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि फाटकाकडे चालायला लागला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, सगळे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण कितीदा तरी हाच हिशेब मांडते. एक तर तो माझ्याशी खोटं बोलला होता. नाहीतर खरं बोलला होता, उरलेल्या दोन मतांतलं एक त्याचंच होतं, आणि चार पुरुषांसमोर ते कबूल करायची त्याची छाती झाली नाही. यातलं कोणतं जास्त वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

झास्ट्रोने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि म्हणाला, “खाल्लंय, तर काम करीन.” वान्येकने इंजिन पेटतं ठेवलं. आम्ही काही बायका परकर खोचून गंजीवर चढलो आणि पेंढ्या टाकायला लागलो. संध्याकाळपर्यंत टाकल्या. पण बारा पुरुषांचं काम ते, यंत्र खातं तितकं आमच्याने घालवेना. गोष्टीत असतं तर पाऊस दोन दिवस थांबला असता. खऱ्यात तो त्याच रात्री आला आणि आठवडाभर हलला नाही. उरलेल्या गंजीतल्या ओटांना हिरवे कोंब फुटले.

सप्टेंबरात गुत्त्यात इर्जिकीची बैठक झाली आणि तिला इर्जिकीतून काढलं. जेवणामुळे नाही हो. छे. ते तर कुणी तोंडातूनही काढलं नाही. कारण दिलं पुलाचं. पूल धोक्याचा आहे, म्हणाले, माणसांचा जीव महत्त्वाचा. वान्येकने भांडून पाहिलं, तर त्याला सांगितलं, तुझ्या इंजिनाला दुसरीकडे काम शोध. हे सांगून एमिल घरी आला आणि जेवायला काय आहे विचारलं. मी म्हटलं, चूल तिथे आहे.

इर्जिकीशिवाय आमच्याकडे शेती होत नाही. एकटी बाई, बहिरा गडी, चारा नाही. तिने हिवाळा काढला, गाई एकेक करून विकल्या, आणि वसंतात शेत विकलं. घेतलं कुणी? बुस्केच्या थोरल्या मुलाने.

जायच्या दिवशी ती पायी पूल ओलांडून माझ्याकडे आली. निळ्या काठाचं एक ताट कापडात गुंडाळून आणलं होतं. “दोघं जेवले त्यांना त्यांची दिली,” म्हणाली. “हे उरलेलं. तू ठेव. चांगलं ताट आहे, कुणीतरी जेवायला हवं यात.” मी रडत होते. ती रडली नाही, मला म्हणाली, “नाक पूस आणि पावाकडे बघ, करपतोय.”

तिची बग्गी गेली, आणि महिना व्हायच्या आत त्या पुलावर ओकच्या नव्या कोऱ्या फळ्या बसल्या. खाली दगडी खांब. सभेत एकही हात आडवा आला नाही. बुस्केच्या मुलाने मागितलासुद्धा नव्हता म्हणे, त्याआधीच झाला. आता पुलापलीकडे एक मतदार राहत होता ना.

टिलेमावशी शहरात बहिणीकडे गेली, एका खाणावळीचं स्वयंपाकघर सांभाळलं. अठरा सालच्या फ्लूच्या साथीत गेली. म्हणजे मत यायच्या दोनच वर्षं आधी. तिने उभ्या जन्मात एकदाही मत दिलं नाही.

वीस साली आम्ही पहिल्यांदा मत द्यायला गेलो, तो दिवस बघायला हवा होता. तेच सगळे पुरुष कडक कॉलर लावून आपापल्या बायकांना बग्गीतून घेऊन आले, जसं काही नवरी मिरवतात. बुस्केने पायरीवर उभं राहून भाषण केलं, की लीबेनावने स्त्रियांचा मान नेहमीच राखला. मी त्याच्या टोपीकडे बघत होते.

त्या रविवारी नव्या मास्तरीणबाई आमच्याकडे जेवायला होत्या. लाघवी पोर. तिने एमिलला विचारलं, तुम्हाला बायकांच्या मताचं कसं वाटतं? हा खुर्चीत मागे रेलला. “मी? अहो, मी बारा सालीच हो म्हटलं होतं. गावात आम्ही तिघंच होतो.”

मी उठले. फडताळातून निळ्या काठाचं ताट काढलं. त्यात हॅम वाढलं, कोबी वाढली, डोसे वाढले, आणि ते त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने ताट ओळखलं. मास्तरीणबाई हसून म्हणाल्या, किती सुंदर आहे हे. तो काटा हातात घेऊन बसला होता.

“जेव,” मी म्हटलं.

“भूक नाही गं.” तो काटा ठेवून उठला आणि गाईंना बघतो म्हणून गोठ्यात गेला.

अन्न वाया घालवायची आमच्यात रीत नाही. मी त्याच्या खुर्चीवर बसले, ते ताट पुढे ओढलं, आणि जेवले.